इंजिनाची आंघोळ

बुधवारी संध्याकाळी बोरगावच्या पुंडलिकरावांच्या बगिच्यात छोट्या हत्ती टेम्पोतून एक जुनं इंजिन उतरलं, तेव्हा वृषालीनं त्यांना फोनवर एकच सूचना दिली होती.

"काकाजी, मी उद्या सकाळी येते. तोपर्यंत त्याले हात लावू नका."

"बिलकुल नाई," पुंडलिकराव म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला. हात लावलाच नाही. पंप लावला.

गुरुवारी नऊ वाजता वृषाली सौसरहून स्कूटीवर हत्यारांची पेटी घेऊन पोचली, तेव्हा इंजिन कडुनिंबाच्या सावलीत संत्र्याच्या चार उपड्या क्रेटांवर बसून निथळत होतं. मागे गिअरबॉक्स जोडलेलाच होता, तोही निथळत होता. इंजिनाच्या डोक्यावर हळद-कुंकू होतं आणि गळ्यात झेंडूची माळ. इंजिनाला गळा कुठे असतो यावर घरात बराच विचार झाला असावा, कारण माळ शेवटी पंख्याच्या पुलीला घातलेली होती. बाजूला फवारणीचा पंप, आणि पंपाशेजारी ओल्या बनियनवर स्वतः पुंडलिकराव.

"काकाजी, हे काय केलं?"

"आंघोळ घातली. तू म्हणली हात लावू नका, म्हून म्या दुरूनच धार मारली. पंधरा फुटावरून."

"पण काऊन?"

"काऊन म्हंजे? नवं जनावर घरी आलं त बिना आंघोळीचं कोणी दारात घेते का?"

हे सांगायला हवं की पुंडलिकरावांनी सहा वर्षांपूर्वी शेवटची बैलजोडी विकून सेकंडहँड व्हॅन घेतली होती, पण ही अदलाबदल फक्त कागदावर झाली होती. पोळ्याला व्हॅन गावच्या तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभी राहायची, अंगावर झूल, आरशांना गोंडे. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी तिला सजावटीचं दुसरं बक्षीस मिळालं आणि हसणं थांबलं. एरवी ती संत्र्याची कलमं वाहायची आणि दर शनिवारी भजनी मंडळाला जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला न्यायची. मागच्या महिन्यात भर चढावर, आत भजन रंगात आलेलं असताना, तिचं इंजिन बसलं. आता हे नागपूरहून जुन्या मालातून आणलेलं दुसरं इंजिन तिच्यात बसवायचं होतं, आणि ते काम वृषालीचं होतं.

"पंपात काल फवारणी केल्ती ना, त्यातला निंबोळी अर्क थोडा उरला होता," पुंडलिकराव म्हणाले. "तोही लागला. चांगलंच हाय."

म्हणजे निदान या इंजिनावर मावा आणि तुडतुडे पडणार नव्हते.

"आन् हे पाह्य," त्यांनी इंजिनावरच्या तीन प्लगच्या उघड्या भोकांकडे बोट दाखवलं, "याचे तिन्ही नाकं भरले होते बाप्पा. एकेका नाकात दोन-दोन मिंटं धार धरली. आता कसं मोकळं वाटून राहिलं त्याले."

वृषाली पेटी हातात धरून उभी राहिली. जुनं इंजिन बसवण्याआधी धुवायचं असतं हे खरं. पण ती आंघोळ बाहेरून घालायची, आधी त्याची झाडून सारी तोंडं चिंध्या कोंबून आणि पट्ट्या चिकटवून बंद करून. माती बाहेर बसते, ती ब्रशनं निघते. पाणी आत शिरलं तर एका दिवसात गंज धरतो, आणि गंजाला ब्रश पोचत नाही. तिच्या पेटीत सगळ्यात वर चिंध्या आणि चिकटपट्टीच होती. दुसरं कोणी असतं तर पेटीवर बसून कपाळाला हात लावला असता. वृषालीनं स्कार्फची गाठ सोडायला लागतो तेवढा वेळ विचार केला.

"ठीक हाय," ती म्हणाली. "होऊन जाते."

तिला असं म्हणायची सवय होती, आणि बहुतेक वेळा ते होऊनही जायचं. पण या वेळी न होण्याची सोय नव्हती. वृषालीचे वडील मुकुंद सर सौसरच्या शाळेत गणित शिकवत. मुलगी बी.एस्सी. झाली, मग नागपूरला दोन वर्षं 'कोर्स' करून आली. तो कोर्स म्हणजे एका वर्कशॉपात इंजिनं खोलणं होता, हे सरांना तिनं सौसरला गॅरेजचं शटर उघडलं त्या दिवशी कळलं. सरांचं म्हणणं, बी.एड. कर, मास्तरीण हो, मग हौस म्हणून काय खोलायचं ते खोल. शेवटी बापलेकीत करार झाला. बी.एड.चा फॉर्म ऑनलाइनच्या दुकानात पूर्ण भरून तयार ठेवलेला होता. शेवटची तारीख शनिवार. फक्त वृषालीच्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकायचा बाकी होता. शनिवारी चार वाजेपर्यंत पुंडलिकरावांची व्हॅन स्वतःच्या बळावर त्या दुकानासमोर येऊन उभी राहिली, तर बी.एड.चा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. नाही राहिली, तर वृषाली ओटीपी सांगेल, गॅरेजचं शटर खाली करेल आणि जुलैपासून दोन वेण्या घालून कॉलेजात जाईल. वेण्यांचं कलम आईनं, प्रमिलाबाईंनी, आयत्या वेळी घातलं होतं.

"काकाजी, समोरून हटा," तिनं क्रँकच्या नटाला मोठा पाना लावला.

"मी पाह्यतो ना."

"म्हूनच म्हणून राहिली."

ते हटले नाहीत. तिनं पाना ओढला. तिन्ही भोकांतून एकामागून एक काळ्या पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या आणि पहिली सरळ पुंडलिकरावांच्या मिशीत गेली.

"शिंकलं!" ते आनंदानं ओरडले. "जयवंते, ये वो, शिंकलं!"

जयवंताकाकू घरातून पदराला हात पुसत आल्या. तोवर वृषालीनं खालच्या चेंबरचा बोल्ट सोडला होता आणि घमेल्यात तेल-पाण्याचा तपकिरी काला उतरत होता. काकूंनी वाकून पाहिलं.

"दूध जास्त झालं," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत वृषालीनं इंजिनाला आतून डिझेलनं खंगाळलं, ते डिझेलही खाली काढलं, कॉम्प्रेसरनं हवा मारली, तिन्ही सिलिंडरांत थोडं थोडं तेल सोडलं आणि पाना घेऊन हातानं चाळीस फेरे फिरवले. एकेचाळिसाव्या फेऱ्याला ते लोण्यासारखं फिरलं. तिनं कान लावला. कुठे खरखर नाही.

मग तिनं तोंडं बांधायला घेतली. कार्बोरेटरच्या जागेचं तोंड, सायलेन्सरचं तोंड, तेल भरायचं तोंड, प्लगची भोकं, पाण्याचे पाइप. प्रत्येकात चिंधी, वरून पट्टी.

"पहिला नियम," ती पुंडलिकरावांना समजावून सांगत होती, "उघडं तोंड दिसलं का बांधायचं. आत खडाही नाही गेला पाह्यजे."

"सगळेच?" काकूंनी विचारलं.

"सगळेच, काकू."

काकूंना ते पटलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाहेरचं किटण दीड दिवस निघत होतं. वर सुकलेला चिखल, त्याखाली तेलाचं डांबर, त्याखाली पुन्हा चिखल. वृषाली पट्टीनं थर खरवडायची आणि पुंडलिकराव शेतातली जुनी विहीर खणल्यासारखे शेजारी उकिडवे बसून काय लागतं ते बघायचे. एक शेंगदाणा लागला. शाळेच्या दप्तराची चेन लागली. गिअरबॉक्सच्या पोटाला चिकटलेला एक स्टीलचा चमचा लागला, त्यावर 'सौ. यमुना' असं कोरलेलं होतं. यमुनाबाईंचा चमचा तिथवर कसा पोचला, याचा खुलासा इंजिनानं केला नाही. काकूंनी तो घासून मांडणीत ठेवला. पुंडलिकराव म्हणाले, "आहेर घेऊन आलं."

गुरुवारी संध्याकाळी मुकुंद सरांचा फोन आला.

"किती टक्के झालं?"

"पस्तीस."

"वेळ किती टक्के गेला?"

"बाबा, मी काम करून राहिली."

"मीही गणितच करून राहिलो," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी तिनं गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवला. त्याचं जुनं तेल काढलं, आतून धुतला, सगळे गिअर हातानं टाकून पाहिले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या घंटेसारख्या पोकळीत क्लच बसतो. ती जागा तिनं पेट्रोलच्या फडक्यानं तीनदा पुसली, मग कोरड्या फडक्यानं, मग स्वतःच्या ओढणीनं.

"इथं एवढं काऊन घासून राहिली?" पुंडलिकरावांनी विचारलं. "दिसत त नाई कोणाले."

"इथं थेंबभर चिकट चालत नाही, काकाजी. क्लच प्लेट चिकटली का क्लच दाबला तरी सुटत नाही. मग गाडी थांबवता थांबत नाही, पुढच्याच्या अंगावर जाते."

"उधळ्या बैल होते म्हंजे."

"तसंच."

नवी सीलं, नवी क्लच प्लेट घालून संध्याकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स पुन्हा एक झाले. आता एवढ्या स्वच्छ दिसणाऱ्या वस्तूला जुनी म्हणायची वृषालीलाच लाज वाटत होती. एकच गोष्ट बाकी होती. क्लचचा काटा त्याच पोकळीतून बाहेर येतो, त्या बाजूच्या खिडकीवर रबराचं टोपण असतं, ते फाटलेलं निघालं. नवं पांढुर्ण्याच्या दुकानदारानं शनिवारी सकाळच्या बसमध्ये कंडक्टरजवळ देतो म्हणून सांगितलं. फाटकं टोपण तिनं काढून टाकलं. रात्रीपुरती खिडकीत चिंधी कोंबली. शनिवारी सकाळी चिंधी काढून हवा मारली आणि बस आली म्हणून टोपण घ्यायला सडकेवर गेली. गेली आणि वीस मिनिटांत आली. टोपण बसवलं. मग व्हॅन दगडांवर उचलून, खालून जॅकनं इंजिन चढवून, बोल्ट आवळत, पाइप जोडत, दुपारचे अडीच वाजले.

"किती टक्के?" फोनवर मुकुंद सर.

"अठ्ठ्याण्णव. तुम्ही दुकानात जाऊन बसा. चारच्या आत येते."

"मी दीड वाजताच येऊन बसलो," सर म्हणाले.

बॅटरी जोडली. पाणी भरलं. तेल भरलेलं होतं. पुंडलिकरावांनी नारळ आणून ठेवला. वृषाली सीटवर बसली आणि किल्लीला हात लावला. तेवढ्यात जयवंताकाकू खिडकीशी आल्या, एकदम समाधानी.

"आता धावते ते. उपाशी नाई हाय."

वृषालीचा हात किल्लीवर थांबला. "म्हणजे?"

"सकाळी जेवू घातलं ना मी. नवं जनावर गोठ्यात शिरायच्या आधी त्याले गूळ-भाकरीचा घास द्यावा लागते. तू त साऱ्या तोंडाले पट्ट्या मारून ठेवल्या होत्या, बिचारं दोन दिवस झाले तसंच. सकाळी तू बस पाहाले गेली, तवा एक तोंड उघडं दिसलं."

"कुठलं तोंड, काकू?"

काकूंनी वाकून गाडीखाली बोट दाखवलं. रबराचं नवं कोरं टोपण चमकत होतं.

"केवढा घास?"

"लिंबाएवढा. वरून तुपाचं बोट."

बगिच्यातल्या एका झाडावरून एक कच्चं संत्रं पडलं, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

वृषालीनं घड्याळ पाहिलं. दोन पस्तीस. किल्ली फिरवली की गाडी सुरू होणार, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. सौसर वीस मिनिटांवर. आजचा दिवस घास कुठेतरी पोकळीच्या तळाशी पडून राहील. तीनला ती दुकानासमोर हॉर्न वाजवेल, सर चष्मा काढून गाडी बघतील आणि बी.एड. संपेल. मग इंजिन रोज तापेल, गूळ वितळेल, तूप सुटेल, फिरत्या प्लेटवर उडेल. आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी, कुठल्यातरी शनिवारी जामसांवलीच्या रस्त्याला पुढे पायी चालणाऱ्यांची गर्दी असेल, मागे भजनी मंडळ टाळ घेऊन बसलेलं असेल, आणि पुंडलिकराव क्लच दाबतील.

तिनं किल्ली काढून खिशात टाकली.

"काकाजी, जॅक आणा. गिअरबॉक्स उतरवायचा हाय."

"आत्ता?" पुंडलिकरावांना करार माहीत होता. आता सगळ्या बोरगावाला माहीत होता. "अवो बाई, सौसरची एक चक्कर मारून ये, तुह्या बाबाले गाडी दाखव. मंग सोमवारी खोल ना. कुठं पळून जाते तो घास?"

"पळून नाही जात, म्हूनच खोलते."

काकूंचा चेहरा उतरला. "मी काही वाईट नाई केलं वो, पोरी."

"तुमचं काहीच नाही चुकलं, काकू. तोंड मी उघडं ठेवलं. नियम माहाच होता." वृषालीनं मोबाइल काढला. "बाबा? चार वाजता येत नाही मी."

"काय झालं? सुरू होत नाही?"

"होते. पण क्लचमध्ये गूळ-भाकर हाय."

तीस वर्षांच्या नोकरीत मुकुंद सरांनी अपुऱ्या गृहपाठाची कारणं ऐकली होती. वही शेळीनं खाल्ली, वही विहिरीत पडली, एकदा तर वही लग्नात गेली. पण हे नवीन होतं.

"सुरू होते म्हणतेस. मग घेऊन का नाही आलीस? मला काय कळलं असतं आतलं?"

"तुम्हाला नसतं कळलं," वृषाली म्हणाली. "एखाद्या शनिवारी चढावर काकाजींना कळलं असतं. आणि समोर जो चालत असेल त्याला. सगळा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, उद्या दुपार होते. शब्द दिला होता. पाठवा ओटीपी, सांगते."

पलीकडे दुकानातल्या प्रिंटरची घरघर ऐकू आली. मग तिच्या मोबाइलवर टिंग वाजलं.

"चार, एक, नऊ, नऊ, दोन, सात," तिनं नीट, सावकाश, दगडावर कोरायचं असल्यासारखं वाचलं.

टाइप केल्याचे आवाज आले.

"चूक म्हणून राहिलं," सर म्हणाले.

"मी बरोबर सांगितला."

"परत पाठवतो."

टिंग. "आठ, शून्य, तीन, तीन, पाच, एक."

"हेही चूक म्हणते."

"बाबा, तुम्ही काय लिहिलं?"

"जे ऐकलं ते. परत पाठवतो."

टिंग. तिनं तिसऱ्यांदा वाचलं, आता प्रत्येक आकड्यानंतर थांबून, पहिलीच्या पोराला सांगावं तसं. पुंडलिकराव आणि काकू शेजारी उभे राहून ऐकत होते. पुंडलिकराव बोटांवर मोजत होते, सहाच झाले की नाही ते.

"गेलं," सर म्हणाले. "तीनदा चुकलं की लॉक होते म्हणते. उद्या उघडेल."

"उद्या? बाबा, आजच शेवटची तारीख हाय."

"हो का?" मुकुंद सर म्हणाले. ही तारीख त्यांनी घरच्या कॅलेंडरवर लाल पेननं, शाळेच्या कॅलेंडरवर निळ्या पेननं आणि देवघरातल्या पंचांगावर पेन्सिलनं गोल करून ठेवली होती. आणि उभ्या सौसरात सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवणारा त्यांच्याशिवाय दुसरा माणूस नव्हता.

वृषालीनं नुसतं 'हं' केलं. जास्त बोलली असती तर आवाज बदलला असता आणि पुंडलिकरावांनी तो गावभर केला असता.

"जॅकखाली फळी ठेव," सर म्हणाले. "जमीन मऊ असेल तिथली. आणि घाई करू नको." फोन बंद झाला.

संध्याकाळी पाच वाजता गिअरबॉक्स खाली आला. घास सापडला. क्लचच्या घराच्या तळाला, एका कोपऱ्यात, अगदी जसाच्या तसा, वर मुंग्यांची एक शिस्तीत रांग. मुंग्या कुठून आल्या, हे वृषालीला आजतागायत समजलेलं नाही, कारण तिच्या हिशेबानं सगळी तोंडं बंद होती. काकूंनी खाली वाकून बघितलं आणि मान हलवली.

"बिलकुल खाल्लं नाई. भूक नसंन त्याले."

"त्याला हे नाही लागत, काकू. त्याला हे लागते." रविवारी सकाळी गिअरबॉक्स वर चढल्यावर वृषालीनं तेलाचा डबा काकूंच्या हातात दिला आणि नळी धरून दिली. काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि भोकातून तेल बाहेर येईस्तोवर भरलं.

"ढेकर देल्ला," पुंडलिकराव म्हणाले.

इंजिनाला पुन्हा कुंकू लागलं, नारळ फुटला. किल्ली फिरली. पहिल्या खेपेला इंजिन नुसतं कण्हलं, दुसऱ्या खेपेला एकदा खोकलं, आणि तिसऱ्या खेपेला असं काही लागलं की कडुनिंबावरचे कावळे उठून गेले. वृषालीनं क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. आवाजसुद्धा आला नाही. रिव्हर्स टाकला. तोही गपचूप बसला. पुंडलिकराव मागे चढले, काकू पुढे, आणि व्हॅन सडकेला लागली. सौसरच्या चढावर वृषालीनं मुद्दाम गाडी थांबवली, अर्ध्या चढावर उभी केली आणि पुन्हा उचलली. व्हॅन इंचभरही मागे सरकली नाही.

दुपारी एक वाजता ती घरासमोर आली. मुकुंद सर बनियनवर फाटकात उभे होते. त्यांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली. वाकून खाली पाहिलं. खिडकीतून आत डोकं घालून पेडल बघितले. इंजिनाच्या कुंकवाबद्दल काही विचारलं नाही.

"बसा ना, बाबा," वृषाली म्हणाली.

"आता नाही. जेवायचं हाय." सर फाटकाकडे वळले, मग थांबले, आणि संध्याकाळच्या भाजीबद्दल बोलावं तसं म्हणाले, "उद्या आमच्या हेडमास्तरांची गाडी येऊन राहिली गॅरेजवर. दुसरा गिअर पडत नाही म्हणत होते. मी सांगितलं, तीन दिवस लागतील. चार सांगू का?"

"तीन बस्स," वृषाली म्हणाली.